टी सीआरबी आणि घोषणांची वही : डिसेंबर २०२५ पर्यंतची प्रगती

आधी स्टेटस सांगून टाकते, म्हणजे ज्यांना तेवढंच हवंय त्यांना पुढचं वाचायचा त्रास नको. टी कोरोनी बोरिॲलिस, म्हणजेच टी सीआरबी हा तारा, अजून फुटलेला नाही. दहाव्या प्रतीच्या आसपास (प्रत म्हणजे तेजाचा आकडा, जितका मोठा तितका तारा मंद) होता तसाच आहे, पावसाळ्यानंतर परत सापडला, मग नोव्हेंबरात सूर्याच्या बाजूला गेला, आणि आता पहाटे ईशान्येला वर यायला लागलाय. आमच्या शेजारच्या काकी भेटल्या की विचारतात, "फुटलें गे तुजें नखेत्र?" आणि मी नाही म्हणते, आता त्यांनाच त्या नाहीची मजा वाटायला लागलीय.

नवीन मंडळींसाठी थोडक्यात. उत्तर मुकुट या तारकासमूहात, सुमारे ३००० प्रकाशवर्षांवर, एक श्वेत बटू (विझलेल्या ताऱ्याचा छोटा दाट गाभा) आणि एक तांबडा राक्षसी तारा अशी जोडी आहे, साधारण २२७.६ दिवसांत एकमेकांभोवती एक फेरी. तांबड्याचा वायू बटूवर साठत जातो आणि पुरेसा साठला की हायड्रोजनचा भडका उडतो, तारा काही तासांत दहाव्या प्रतीवरून दुसऱ्या प्रतीच्या आसपास येतो म्हणजे दीडेक हजार पट तेजस्वी, आणि आठवडाभरात परत नुसत्या डोळ्यांना दिसेनासा होतो. असं मे १८६६ ला झालं, फेब्रुवारी १९४६ ला झालं, मध्ये ऐंशी वर्षं, आता पाळी आपली.

२०२४ च्या सुरुवातीला नासाकडून बातमी आली की सप्टेंबर २०२४ पर्यंत कधीही फुटेल, आणि तेव्हाच मी वही सुरू केली. साधी फुलस्केप वही. डाव्या पानावर घोषणेच्या आधी कोण काय म्हणत होतं ते, उजव्या पानावर प्रत्यक्षात काय निघालं ते. सुरुवातीला फक्त या ताऱ्यासाठी होती, पण मग प्रत्येक "नासा मोठी घोषणा करणार" फॉरवर्ड तिच्यात जायला लागला आणि आता दुर्बिणीपेक्षा वहीच जास्त उघडली जाते असं भाचा म्हणतो. पावसाळ्यात तर खरंच तसं आहे.

ताऱ्याच्या डाव्या पानावरची गंमत बघा. अमेरिकेतले ब्रॅडली शेफर यांनी जुनी सगळी निरीक्षणं जुळवून आधी अंदाज दिला होता २०२५.५, अधिक-उणे १.३ वर्षं. मग मार्च-एप्रिल २०२३ पासून तारा जरा मंद होताना दिसला, १९४६ च्या भडक्याआधीही अशीच एक डुबकी नोंदली गेली होती, म्हणून नवीन अंदाज आला २०२४.४, अधिक-उणे ०.३. साहजिकच हा दुसरा आकडा जगभर पळाला, कारण तो जवळचा होता आणि नेमका वाटत होता. आता ०.३ म्हणजे साडेतीन महिने, आणि तेही एक सिग्मा (सिग्मा हे अनिश्चिततेचं माप), म्हणजे मॉडेल बरोबर असलं तरी साधारण तीनात एकदा उत्तर त्याच्या बाहेर जाणारच. हवामान खातं केरळात मान्सून अमुक तारखेला म्हणतं तेव्हा खाली चार दिवस इकडेतिकडे असं लिहिलेलं असतं ना, तसं. पण बातमी पेपरापर्यंत येईस्तोवर अधिक-उणे गळून पडलेलं असतं आणि सप्टेंबर उलटला की लोक म्हणायला मोकळे, बघा फेकाफेकी. आधीचा तो १.३ वाला अंदाज मात्र कोणाला आठवत पण नाही, आणि तो अजून जिवंत आहे, २०२६ च्या ऑक्टोबरपर्यंत.

त्यात आपली गोव्याची वेगळीच तऱ्हा. उत्तर मुकुट रात्री डोक्यावर कधी येतो? मे-जूनमध्ये. म्हणजे नासाची खिडकी उघडी आणि आमची जून ते सप्टेंबर ताडपत्रीने बंद. २०२४ चा सगळा पावसाळा ढगांच्या फटीत अल्फेक्का, म्हणजे उत्तर मुकुटातली सर्वात तेजस्वी तारका, शोधण्यात गेला, तिच्या शेजारी तिच्याच तेजाचा दुसरा तारा दिसला नाही की वहीत "नाही" लिहायचं आणि झोपायचं.

मग तारखा आल्या. फ्रान्सच्या ज्याँ श्नायडर यांनी एक छोटी टिपणी काढली की भडके कक्षेच्या काळाच्या पूर्ण पटीत होतात असं धरलं तर २७ मार्च २०२५, १० नोव्हेंबर २०२५ आणि २५ जून २०२६ हे दिवस येतात. जाणकारांनी तेव्हाच विचारलं की दोनचार भडक्यांवरून असला नियम कसा बसवायचा, पण तारीख म्हटली की माणसाचा जीव तिच्यात अडकतोच. २७ मार्चला इकडे शिगम्याच्या मिरवणुका चालू, रोमटामेळ बघून आलेली पोरं रात्री गच्चीवर मान वर करून उभी, काही झालं नाही. एकाने मला मेसेज टाकला, "मावशी, पैसे परत."

१० नोव्हेंबरला मी केरीला गेले, पेडण्यातल्या केरीच्या किनाऱ्यावर, कारण तोपर्यंत तारा संध्याकाळी पश्चिमेला अगदी खाली आलेला आणि डिचोलीतून तिकडे झाडं आणि मोपाचा उजेड, दुसरं काही दिसत नाही. भाच्याची गाडी, मागच्या सीटवर डॉबची (साध्या बैठकीवरच्या आरशाच्या दुर्बिणीची) नळी आडवी, पायाशी खुर्ची. तेरेखोलच्या किल्ल्याच्या डाव्या हाताला समुद्रावर जागा मोकळी. सात वाजता तारा क्षितिजापासून जेमतेम दहा अंश वर असणार होता. सुरूच्या झाडांखाली दुर्बीण लावली, शॅकवाल्याने एक दिवा बंद करून दिला, देव बरें करूं. क्षितिजावर धुरकट पट्टा, त्याच्यातून अल्फेक्का दिसली, मलूल पण दिसली. दहाव्या प्रतीचा तारा तिथे माझ्या सहा इंचीत दिसणं शक्यच नव्हतं आणि दिसला पण नाही. पण प्रश्न तो नव्हताच. फुटला असता तर अल्फेक्काच्या जोडीला तशीच दुसरी दिसली असती, ती नव्हती. फाइंडरमधून, म्हणजे नळीवरच्या छोट्या शोधक दुर्बिणीतून, सर्वात मंद जो तारा खात्रीने ओळखता आला त्याची प्रत लिहिली आणि त्याच्यापेक्षा मंद अशी नोंद पाठवली. अशी नोंद पण नोंदच असते, एएव्हीएसओ ही तेज बदलणाऱ्या ताऱ्यांच्या निरीक्षकांची अमेरिकन संघटना १९११ पासून असलीच हजारो माणसांची हो-नाही गोळा करतेय आणि २०२३ ची डुबकी पण अशाच हौशी नोंदींतून दिसली. पर्यटक मुलं येऊन विचारून गेली काय दिसतंय, काही नाही म्हटल्यावर त्यांना वाटलं मी दाखवत नाहीये.

आता दहाच दिवसांनी आलेली दुसरी एंट्री, थ्री आय ॲटलासची, ही मला जरा सविस्तर लिहायचीय कारण अपेक्षा आणि अविश्वास दोन्ही एकाच रात्री एकाच स्क्रीनवर दिसले. १ जुलैला चिलीतल्या ॲटलास दुर्बिणीने हा शोधला, सूर्यमालेबाहेरून आलेली तिसरी वस्तू, आधीच्या दोन २०१७ ची ओउमुआमुआ आणि २०१९ चा बोरिसोव्ह. ऑक्टोबरच्या सुरुवातीला तो मंगळाजवळून गेला आणि मंगळाभोवती फिरणाऱ्या यानाच्या हायराइज कॅमेऱ्याने फोटो घेतले. नेमकं त्याच वेळी १ ऑक्टोबरपासून अमेरिकन सरकारचं शटडाउन, फोटो अडकले, आणि इकडे हार्वर्डचे आवी लोब यांनी कृत्रिम असू शकतो ही शक्यता आधीच हवेत सोडलेली. मग काय, फोटो का देत नाहीत, म्हणजे काहीतरी आहे. आमच्या ग्रुपवर रोज एक व्हिडिओ.

डावं पान मी असं लिहिलं: फोटो येईल, एक पांढरा धुरकट गोळा असेल, लोक चिडतील. १९ नोव्हेंबरची पत्रकार परिषद आपल्याकडे २० तारखेच्या रात्री दीड वाजता होती. चहाचा थर्मास, मोबाईल साखरेच्या डब्याला टेकवलेला. नासाचे अमित क्षत्रिय यांनी सुरुवातीलाच हा धूमकेतू आहे हे स्पष्ट सांगून टाकलं, आणि मग फोटो आला: पांढरा धुरकट गोळा. ग्रुपवर पहिला मेसेज, "एवढ्यासाठी जागलो?" दुसरा, "मुद्दाम ब्लर केलाय."

मी दुसऱ्या दिवशी हिशोब करून टाकला. सुमारे ३ कोटी किलोमीटरवरून घेतलेला फोटो, एका पिक्सेलमध्ये ३० किलोमीटर. हबलच्या मोजणीने धूमकेतूचं केंद्र जास्तीत जास्त ५.६ किलोमीटर. म्हणजे ते अख्खं केंद्र एका पिक्सेलच्या कोपऱ्यात मावून वर जागा उरते, दिसतो तो भोवतीचा धुळीचा ढग. तो कॅमेरा मंगळाची जमीन अडीचशे-तीनशे किलोमीटरवरून बघायला बनवलाय. हे कळायला गुप्त माहिती लागत नाही, भागाकार लागतो. एकाने थंब्स अप दिला, बाकी व्हिडिओ चालूच. १९ डिसेंबरला हा पृथ्वीला सर्वात जवळ, म्हणजे तरी सुमारे २७ कोटी किलोमीटर, तेव्हा परत एक लाट येईल, डावं पान तयार आहे.

बाकी एंट्र्या भरभर. के२-१८बी, एप्रिल २०२५, १२४ प्रकाशवर्षांवरच्या ग्रहाच्या वातावरणात डायमिथाइल सल्फाइडची (पृथ्वीवर सजीवांपासून येणाऱ्या वायूची) खूण, केंब्रिजचे निक्कू मधुसूदन. तीन सिग्मा, त्यांनीच सांगितलं की शोध म्हणायला पाच लागतात. हेडलाइन "जीवसृष्टी सापडली". नंतर इतरांनी तोच डेटा परत तपासला तर खूण आहे असं म्हणण्याइतकी भक्कम निघाली नाही. त्या आठवड्यात शाळेच्या पटांगणावर सिंह रास दाखवत होते तर एक काका म्हणाले तो जीववाला ग्रह लाव बघू. आर्सेनिकवाले जिवाणू, २ डिसेंबर २०१०: तीन दिवस आधी नासाने परग्रहावरच्या जीवाच्या शोधावर परिणाम करणारा निष्कर्ष असं जाहीर केलेलं, लोकांनी एलियन धरले, निघाले कॅलिफोर्नियाच्या मोनो लेकमधले जिवाणू, आणि तो पेपर सायन्सने जुलै २०२५ मध्ये मागे घेतला. उजवं पान भरायला पंधरा वर्षं लागली, या वहीतला हा रेकॉर्ड. आणि २ ऑगस्ट २०२५ ला जग सहा मिनिटं काळोखात जाणार ही अफवा, ते खग्रास ग्रहण २ ऑगस्ट २०२७ चं, तेही स्पेन ते अरबस्तान. इथे खंडग्रास, आणि ऑगस्टात, म्हणजे परत ताडपत्री.

पण वहीत उलटी एंट्री पण आहे आणि "हे सगळं फंडिंगसाठी" म्हणणाऱ्यांना मी तीच दाखवते, कारण खरं सांगायचं तर सगळं खरं मानणाऱ्यांपेक्षा मला हीच मंडळी जास्त वैताग आणतात, पेपर दोघंही वाचत नाहीत पण हे न वाचल्याचा रुबाब करतात. लायगो, अमेरिकेतली गुरुत्वीय लहरी शोधणारी वेधशाळा. १४ सप्टेंबर २०१५ ला गुरुत्वीय लहर सापडली, दोनच आठवड्यांत बाहेर कुजबुज, आणि घोषणा ११ फेब्रुवारी २०१६ ला, तपासलेल्या पेपरासकट. तोवर सगळे गप्प. कुजबुजीवर तेव्हा शंका अशी होती की सिग्नल मुद्दाम घुसवलेला असेल, आणि ही शंका रास्त होती, कारण २०१० मध्ये त्यांनी खरंच तसं केलेलं! चार-दोन लोकांनी गुपचूप खोटा सिग्नल यंत्रात घातला, बाकीच्या शेकडो लोकांनी महिनोन्‌महिने तो तपासला, पेपर लिहून तयार केला, आणि मार्च २०११ मध्ये पाकीट उघडून सांगितलं की खोटा होता. स्वतःवर इतका अविश्वास दाखवणारं ऑफिस मी तरी दुसरं बघितलं नाही.

आता निरीक्षणाची प्रगती. सध्या पहाटे साडेपाचच्या सुमाराला, डिचोलीच्या वरच्या सड्यावरून. तारा तेव्हा ईशान्येला पंधरा अंशांच्या आसपास, पाठोपाठ उजाडतंच, म्हणजे हातात फार वेळ नाही. अल्फेक्कावरून त्याच समूहातला एप्सिलॉन तारा, एप्सिलॉनच्या शेजारी एक अंशावर हा. चार्टवर तुलनेच्या ताऱ्यांना ९८, १०२ असे आकडे असतात, ते ९.८ आणि १०.२, टिंब मुद्दाम गाळलेलं कारण टिंब म्हणजे चार्टवर तारा वाटतो. आपला तारा तांबूस, त्यामुळे टक लावून बघत राहिलात तर तो उगाच तेजस्वी वाटायला लागतो, झटकन बघायचं, तुलनेच्या ताऱ्यावर जायचं, परत यायचं. भाचा एकदा बघतो, मी एकदा, आणि आकडे एकमेकांना न सांगता लिहितो. माझा आकडा त्याच्यापेक्षा नेहमी थोडा तेजस्वी येतो, वय. दव भयंकर आहे, छोट्या आरशावर थर बसतो, त्यावर नळीला योगा मॅटचा कॉलर गुंडाळलाय आणि फरक पडतोय.

कंटाळा येतो का? येतो. पण लेस्ली पेल्टियरचं आठवा, अमेरिकेतला शेतकरी घरचा हौशी निरीक्षक, १९२० पासून हाच तारा बघत होता, आणि फेब्रुवारी १९४६ मध्ये एका पहाटे गजर झाल्यावर सर्दीची कणकण वाटली म्हणून परत झोपला. त्याच रात्री फुटला. भाच्याला हे सांगितल्यापासून तो दांडी मारत नाही.

२५ जून २०२६ चं डावं पान लिहून ठेवलंय. आधार: एक टिपणी. कारण: मला पटलेलं नाही. गोव्यात आकाश: विचारू नका. मेच्या शेवटी आयपीस सिलिका जेलसकट हवाबंद डब्यात जातील, गेल्या पावसाळ्यात एकाला बुरशीचे धागे आले ते अजून निघालेले नाहीत. म्हणून चोर्ला घाटाच्या पलीकडे, पार विजापूर-बागलकोटच्या बाजूला, जिथे जूनमध्ये पण रात्री आकाश उघडतं, तिथे कोणाची गच्ची आणि बायनॉक्युलर असेल तर आत्ताच सांगा, मी एप्रिलपर्यंत चार्ट छापून पाठवते, सरळ आणि उलटा दोन्ही.