तांबरममध्ये बोलायला शिकलो

नौदलात हेलिकॉप्टर वैमानिक म्हणून काही वर्षं काढली, हलत्या डेकवर दिवसा आणि रात्रीही उतरून झालं, की आपल्याला सगळं येतं अशी एक गुर्मी अंगात येते. क्वालिफाइड फ्लाइंग इन्स्ट्रक्टरचा, म्हणजे ‘क्यूएफआय’चा कोर्स ती फार लवकर उतरवतो. हा कोर्स चेन्नईजवळ तांबरमला हवाई दलाच्या फ्लाइंग इन्स्ट्रक्टर्स स्कूलमध्ये होतो. ही शाळा १९४८ साली अंबाल्याला सुरू झाली आणि १९५४ मध्ये इथे आली. वर्गात बहुतेक हवाई दलवाले. भूदल, नौदल, तटरक्षक दल आणि मित्रदेशांचे वैमानिक चवीपुरते. मेसमध्ये आम्हा पांढऱ्या गणवेशवाल्यांची थट्टा ठरलेलीच.

जावं की नाही, यावर बरीच घालमेल झाली होती. नौदलाच्या वैमानिकाला दोन संसार सांभाळावे लागतात, एक आकाशातला आणि एक जहाजावरचा. वर पोचलेल्यांची कारकीर्द पाहा. आर. एच. ताहिलियानींनी १९६१ मध्ये ‘विक्रांत’ या विमानवाहू जहाजावर सी हॉक हे लढाऊ विमान उतरवलं आणि १९८४ मध्ये ते नौदलप्रमुख झाले. अरुण प्रकाश सी हॅरियर या लढाऊ विमानांच्या स्क्वाड्रनचे प्रमुख होते, पण पुढे ‘विराट’ या विमानवाहू जहाजाचे कप्तानही झाले आणि २००४ मध्ये नौदलप्रमुख. नुसत्या कॉकपिटमधून कोणी तिथवर जात नाही, जहाज चालवून दाखवावं लागतं. म्हणजे शिकवण्यात घालवलेली वर्षं समुद्रापासून लांबची. माझे तेव्हाचे कमांडिंग ऑफिसर म्हणाले, “उडवणारे पुष्कळ मिळतात रे, शिकवणारे कुठून आणायचे?” मी अर्ज भरला.

तिथलं खरं प्रकरण म्हणजे ‘पॅटर’. उडवत असतानाच आपण काय करतोय, ते विद्यार्थ्याला बोलून सांगायचं. कीर्तनकार चिपळ्या वाजवता वाजवता निरूपण करतो, अगदी तसं. ऐकायला सोपं आहे. चेतक या हेलिकॉप्टरचा पंखा वरून पाहिल्यास घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं फिरतो, म्हणून कलेक्टिव्ह (हेलिकॉप्टर वर-खाली नेणारा डाव्या हाताचा दांडा) वर खेचला की नाक डावीकडे वळू पाहतं आणि उजवं पेडल द्यावं लागतं. माझा पाय हे कित्येक वर्षं न विचारता करत होता. आता पाय हलायच्या नेमकं आधी तोंडातून वाक्य यायला हवं. वाक्य लांबलं की हेलिकॉप्टर पुढे निघून जातं आणि विद्यार्थी बघतो एक, ऐकतो दुसरंच. बरं, बसायचं डाव्या सीटवर. हातांची कामं तीच, पण काचेतून दिसणारं क्षितिज आणि जमिनीवरच्या खुणा सगळ्या सरकलेल्या. रात्री खोलीत खुर्चीवर बसून, एका हातात छत्री धरून मी पॅटर म्हणत असे. शेजारच्या खोलीतूनही तसाच आवाज यायचा, त्यामुळे लाजायचं कारण नव्हतं.

मग ‘गिव्ह-बॅक’. यात अनुभवी प्रशिक्षक विद्यार्थी बनतो आणि तुम्ही त्याला शिकवायचं. हे लोक पट्टीचे नट असतात. हॉवर, म्हणजे हवेत एका जागी स्थिर राहणं, शिकवताना आधी फक्त पेडल द्यायची, मग कलेक्टिव्ह आणि शेवटी सायक्लिक (पुढे-मागे, डावी-उजवीकडे नेणारा दांडा), हा क्रम ठरलेला. माझे ‘विद्यार्थी’ सायक्लिक हातात येताच ते इतक्या भाबडेपणानं घुसळायचे की हेलिकॉप्टर मैदानभर झोकांड्या खात फिरे. आपण “आय हॅव कंट्रोल” कधी म्हणतो, हे ते तोपर्यंत शांतपणे जोखत असत. फार लवकर ताबा घेतला तर पोरगं काही शिकत नाही. उशीर झाला तर शिकवायला कोणी उरत नाही.

ऑटोरोटेशनमध्ये, म्हणजे इंजिनाशिवाय उतरण्याच्या सरावात, तर हा हिशेब सेकंदांचा. इंजिनाची शक्ती काढून घेतली की कलेक्टिव्ह ताबडतोब खाली. मग खालून वर येणाऱ्या हवेवर पंखा फिरत राहतो, जमिनीजवळ नाक वर करून वेग मारायचा आणि पंख्यात साठलेल्या ताकदीवर अलगद टेकायचं. नवशिक्याचा कलेक्टिव्ह खाली जायला हमखास उशीर होतो आणि पंख्याचे आरपीएम घसरायला लागतात. तेव्हा प्रशिक्षकाचे हात मांडीवर दिसले पाहिजेत, बोटं मात्र जागी. ही सवय अंगवळणी पडायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. आजही कोणी गाडी चालवत असेल तर मी शेजारी बसून तसाच बसतो, बायको वैतागते.

ग्राउंड स्कूलबद्दल, म्हणजे जमिनीवरच्या वर्गांबद्दल, फार लिहीत नाही. एरोडायनॅमिक्स पुन्हा मुळापासून, आणि फळ्यासमोर उभं राहून. ब्रीफिंगला प्रश्न विचारणारे सहकारी मुद्दाम आडवे प्रश्न विचारतात, त्याचा राग धरू नये.

शेवटच्या चाचणीनंतर ‘सी’ कॅटेगरी, म्हणजे प्रशिक्षकाची पहिली श्रेणी, मिळाली. पुढे ‘बी’ आणि ‘ए’ अनुभव आणि परीक्षा यांवर मिळतात. माझं पोस्टिंग अरक्कोणमला, आयएनएस राजाळीवरच्या ५६१ स्क्वाड्रनमध्ये झालं. नौदलाचे हेलिकॉप्टर वैमानिक तिथेच घडतात. खरे विद्यार्थी त्या नटांपेक्षा बरे निघाले, निदान सुरुवातीला ते सायक्लिकला हात लावायलाच घाबरायचे.

आता जाणाऱ्यांसाठी. पॅटर शब्दशः पाठ करून जाऊ नका, क्रम पक्का करा. वारा बदलला की पाठ केलेलं वाक्य कामाला येत नाही. आणि समुद्रावरची पुढची नेमणूक कधी मिळणार, हे निघण्याआधीच वरिष्ठांशी बोलून घ्या. एकदा चांगले प्रशिक्षक ठरलात की स्क्वाड्रन सहजासहजी सोडत नाही.