दारातच का अडवत नाही?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. सोलापुरात एचआयव्ही तपासणीच्या केंद्रावर समुपदेशक म्हणून बसते, तेव्हा यंत्रमागावरचा कामगार असो की विडी वळणारी बाई, रिपोर्ट पचला की हाच प्रश्न येतो: "मॅडम, ते आत घुसतंय तरी कसं? दारातच अडवायचं औषध नाही का?" पेशंटला एवढं कशाला सांगायचं, असं काही जण म्हणतात. मला ते पटत नाही. ज्याला आयुष्यभर गोळी घ्यायची आहे त्याला ती काय करते हे कळायलाच हवं.

बाभळीच्या काट्यात चादरीचा धागा अडकतो ना, तसं समजा. विषाणूच्या अंगावर जेमतेम डझनभर काटे असतात. त्यांचं टोक म्हणजे जीपी १२० हे प्रथिन. ते आपल्या काही पांढऱ्या पेशींवरच्या सीडी ४ या प्रथिनात अडकतं. पण एवढ्यावर भागत नाही. अडकल्यावर काटा आपला आकार बदलतो आणि शेजारचं दुसरं प्रथिन पकडतो, बहुतेक वेळा सीसीआर ५, कधी सीएक्ससीआर ४. मग काट्याच्या बुडातलं जीपी ४१ पेशीच्या पडद्यात रुततं, दुमडतं, विषाणूला पेशीजवळ ओढतं आणि दोघांचे पडदे एक होतात. आतला माल पेशीत उतरतो.

म्हणूनच धड कातडीवरून तो आत जात नाही. ताट, पेला, मिठी, एकच पांघरूण, यांतूनही लागण होत नाही. एका मुलाचं ताट त्याच्या आईनं वेगळं काढलं होतं. तिला समोर बसवून हे सगळं कागदावर काढून दाखवलं. ती बराच वेळ त्या चित्राकडे बघत राहिली.

आता अडवायचं म्हणाल, तर ते जमतं. २००३ साली आलेलं एन्फुव्हर्टाइड जीपी ४१ ला दुमडूच देत नाही, पण दिवसातून दोनदा सुई टोचून घ्यावी लागते. २००७ चं मॅराव्हिरॉक मला फार आवडतं, कारण ते विषाणूला हातच लावत नाही. आपल्याच सीसीआर ५ वर जाऊन बसतं. मात्र विषाणू दुसऱ्या दारानं जाणारा असेल तर ते निरुपयोगी, म्हणून आधी वेगळी तपासणी लागते. बर्लिनमध्ये टिमथी रे ब्राउन यांना रक्ताच्या कर्करोगासाठी ज्या दात्याचा अस्थिमज्जा दिला, त्याच्या पेशींवर सीसीआर ५ जन्मतःच नव्हता. ब्राउन यांच्या शरीरातून एचआयव्ही गेला. पण अस्थिमज्जा बदलणं जीवावरचं असतं. कर्करोग नसताना ते कुणाला करत नाहीत.

तुम्हाला एआरटी केंद्रातून, म्हणजे एचआयव्हीवरच्या औषधोपचाराच्या केंद्रातून, फुकट मिळते ती रोजची एक गोळी दारावर काम करत नाही. तिच्यात तीन औषधं आहेत. त्यांतली दोन औषधं विषाणूची नक्कल होऊ देत नाहीत, तिसरं, डोल्युटेग्रॅव्हिर, त्याला आपल्या डीएनएत शिरू देत नाही. आधीच शिरून बसलेला मात्र तिथंच राहतो, म्हणून गोळी सोडली की काही आठवड्यांत तो पुन्हा वर येतो. नेमानं घेतलीत आणि तपासणीत विषाणू सापडेनासा झाला, तसाच राहिला, की शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही.

रातपाळी असेल तर पुढच्या वेळी पाळ्यांचा कागद घेऊन या. गोळीची वेळ त्याप्रमाणं ठरवू.