ओडी की आयडी?

बेळगावात अनगोळकडून उद्यमबागेकडे जाताना रस्त्याला लागून माझा कॉम्प्युटर क्लास आहे. टॅली, टायपिंग आणि दाराशी झेरॉक्स. लॉकडाऊनपासून त्यात एक काम आपोआप वाढलं. मागच्या केबिनमध्ये बसून पोरं ऑनलाइन इंटरव्ह्यू देतात. घरात निवांत कोपरा नसतो, नेट धड नसतं. पुण्याला जायचं तर 340 किलोमीटर, हजेरी बुडणार, गाडीभाडं वेगळं. चाकणच्या कंपन्या पहिली फेरी व्हिडिओवर घेतात, ते इकडच्या पोरांच्या पथ्यावरच पडतं.

तयारी म्हणजे इंग्रजी, असं यातल्या बहुतेकांच्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. हाही तसाच आला. उद्यमबागेतल्या एका वर्कशॉपात सीएनसी लेथवर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या कातकामाच्या मशीनवर, ऑपरेटर. शाळा मराठी, आयटीआय टर्नर, शॉपवर कन्नड, बाहेरून आलेल्या हेल्परांशी हिंदी. तीन भाषांत दिवस काढणारा पोरगा, आणि हातात यूट्यूबवरून उतरवलेला कागद. ‘आय ॲम हार्डवर्किंग अँड पंक्च्युअल.’ हे कॅमेऱ्यामागं भिंतीला चिकटवून वाचायचा त्याचा बेत होता.

मी त्याला तसंच वाचायला लावलं, रेकॉर्ड केलं आणि दाखवलं. डोळे डावीकडून उजवीकडं, परत डावीकडं. समोरासमोर बसल्यावर एखाद्या वेळी खपूनही जाईल. स्क्रीनवर माणसाचा फक्त चेहराच असतो, त्यामुळं डोळे पहिल्यांदा दिसतात. कागद त्यानं स्वतःच काढून टाकला.

मग मी विचारलं, “बाबा, तू दिवसभर करतोस काय ते सांग.”

“जॉब लावतोय, सायकल मारतोय, मापतोय.” जॉब म्हणजे मशीनवर चढवून कापायचा धातूचा तुकडा.

“एवढंच?”

“करायला सगळं येतंय ओ मॅडम. खरं, सांगायला येईना.”

मला लेथमधलं ओ की ठो कळत नाही, आणि ते या कामाला फार बरं पडलं. कळणाऱ्याला त्यानं दोन शब्दांत गुंडाळलं असतं. मला प्रत्येक गोष्ट फोडून सांगावी लागली. दुसऱ्या दिवशी तो स्वतःचा व्हर्नियर, म्हणजे मापायची जबड्याची पट्टी, घेऊन आला. खिशातलं दहाचं नाणं जबड्यात धरलं, अंगठ्यानं हलकेच सरकवलं, दोनदा फिरवून बघितलं, म्हणाला, “सत्तावीस.” नखांच्या कडेला कूलंट आणि बिडाची काळी रेघ होती. इतका वेळ हे हात त्यानं टेबलाखाली ठेवलेले. मी म्हटलं, हात वर राहू देत. लॅपटॉप थोडा मागं सरकवला, म्हणजे छातीपर्यंतचा माणूस आणि हात दोन्ही चौकटीत येतील. लोक कॅमेरा इतका जवळ घेतात की आधार कार्डावरचा फोटो बरा दिसावा.

बाकीची व्यवस्था नेहमीचीच. खिडकी पाठीमागं असली की चेहरा काळा पडतो, म्हणून उजेड समोरून. लॅपटॉपखाली झेरॉक्सच्या कागदाची दोन रिमं, म्हणजे कॅमेरा डोळ्यांच्या रेषेत. ब्लूटूथ नको, वायरचा इअरफोन. मोबाइल एअरप्लेन मोडवर. समोरच्याचं वाक्य संपलं की एक श्वास घेऊन मग बोलायचं. आवाज उशिरा पोचतो आणि दोघं एकदम बोलायला लागले की दोघंही थांबतात. जीमेलवरचं नाव ‘बाब्या डॉन’ होतं, ते बदलून घेतलं. मार्क्सकार्डावर आणि आधारवर नावाचं स्पेलिंग वेगळं होतं. आमच्याकडं ही घरोघरीची रड आहे, मराठी नाव आधी कन्नडात आणि मग इंग्रजीत जातं, वाटेत एखादं अक्षर इकडचं तिकडं होतंच. विचारलं तर काय सांगायचं, तेही ठरवून ठेवलं.

इंटरव्ह्यूच्या दिवशी श्रावणाची झड लागली होती. मी टेबलाच्या पलीकडं, कॅमेऱ्यात येणार नाही अशी बसले. पलीकडून एचआरच्या बाई आणि प्रॉडक्शनचे एक साहेब. “एसएसएलसी म्हणजे दहावी ना?” बाईंनी विचारलं. “होय मॅडम, कर्नाटक बोर्डाची,” हा म्हणाला. इंग्रजीत ओळख सुरू झाली, तीन वाक्यं बरी गेली, चौथ्याला गाडी अडकली. तेवढ्यात लाइट गेली. इन्व्हर्टरवर राउटर आणि लॅपटॉप चालू राहिला, ट्यूब मात्र बंद. माझ्या पोटात गोळा आला.

हा शांतपणे म्हणाला, “सर, लाइट गेली, एक मिनिट.” लॅपटॉप रिमांसकट उचलला, टेबलाच्या दुसऱ्या टोकाला ठेवला, खुर्ची फिरवून खिडकीकडं तोंड करून बसला. चेहरा पुन्हा उजळ. साहेब म्हणाले, “मराठीत बोल रे निवांत. आता सांग, पन्नासचा जॉब आहे, माप पन्नास पॉइंट झीरो फोर आलं. काय करशील?”

मला वाटलं, सोपं आहे, अजून थोडं कापायचं. हा लगेच बोलला नाही. श्वास घेतला, मग म्हणाला, “सर, ओडी की आयडी?”

ओडी म्हणजे बाहेरचा व्यास, आयडी म्हणजे आतल्या भोकाचा. साहेब खुर्चीत पुढं सरकले.

“आधी जॉब गार होऊ दे,” हा सांगत सुटला. “गरम मापला तर मोठाच दाखवतोय. व्हर्नियरनं नाही बघायचं, मायक्रोमीटरनं. ओडी असली आणि टॉलरन्स एच सेव्हन असला तर वरची हद्द पन्नास, खाली पंचवीस मायक्रॉन. मग वेअर ऑफसेटला उणे पन्नास मायक्रॉन टाकतो आणि परत एक कट मारतो. आयडी असली तर गेला की जॉब. कापलेलं परत येत नाही.” बोलताना दोन्ही हात वर होते, एका हाताची मूठ जॉब आणि दुसऱ्याचं बोट टूल.

“आयडी मोठी का आली असेल? इन्सर्ट घासला?”

“नाही सर. इन्सर्ट घासला तर ओडी मोठी येतेय, आयडी लहान. मोठी आली म्हणजे कुणीतरी ऑफसेट चुकीचा टाकलाय. ते बघितल्याशिवाय पुढचा जॉब लावायचा नाही.”

यातलं अर्धं मला नंतर समजलं. टॉलरन्स म्हणजे मापात चालणारी सूट, ऑफसेट म्हणजे मशीनला सांगितलेली मापाची दुरुस्ती, इन्सर्ट म्हणजे टूलचं कापणारं टोक, आणि मायक्रॉन म्हणजे मिलीमीटरचा हजारावा भाग. पोलादाचा 50 मिलीमीटरचा तुकडा 30 अंशांनी जास्त गरम असेल तर व्यासात साधारण 17 मायक्रॉन वाढतो, आणि परवानगी सगळी मिळून 25 ची. म्हणजे गरम जॉब मापून ऑफसेट टाकणारा माणूस अख्खा लॉट वाया घालवू शकतो. ‘हार्डवर्किंग अँड पंक्च्युअल’मध्ये हे कुठं बसवणार?

पुढची वीसेक मिनिटं ते दोघं माझ्या कानावरून जाणारं काहीतरी बोलत राहिले. इन्सर्टचा ग्रेड, बिडाचं कास्टिंग, शिफ्ट बदलताना काय सांगून जायचं. एचआरच्या बाई मधे एकदाच बोलल्या, नोटीस किती दिवसांची म्हणून.

चाकणला मशीनवर प्रॅक्टिकल द्यायला बोलावणं आलं. आई काळजीत, लांब जाणार म्हणून. तिला मी म्हटलं, रात्रीच्या बसनं बसलं की सकाळी पुण्यात, गणपतीला येईल की घरी. प्रॅक्टिकलच्या तयारीत मी हात घातला नाही, तिथं शिकवण्यासारखं माझ्याकडं काही नव्हतं.

पगाराचं बोलणं फोनवर झालं, आणि ते त्यानं मला न विचारता एकट्यानं केलं. कंपनीचा आकडा ऐकून म्हणाला म्हणे, “सर, खोलीभाडं आणि मेस धरून बोला.” थोडा वाढवून मिळाला. माझी केबिनची फी द्यायला आला तेव्हा सोबत त्याच्याच शॉपवरचा आणखी एक पोरगा होता, व्हीएमसी नावाच्या मिलिंगच्या मशीनवरचा. त्याच्याही खिशात घडी घातलेला कागद होता.