गॅरीज मॉडमध्ये लाइट्स लावताना

गॅरीज मॉड या, हवी ती दृश्यं मांडता येणाऱ्या कॉम्प्युटर गेममध्ये रॅगडॉल (हवा तसा वाकवता येणारा माणसाचा पुतळा) खुर्चीवर बसवणं, बोटं वाकवणं, डोळे नेमके कुठे बघतायत ते ठरवणं, हे सगळं चिकाटीचं काम. पण चिकाटीने ते जमतं. तरीही स्क्रीनशॉट निर्जीव दिसायचे, आणि दोष पोझचा नव्हता, उजेडाचा होता. या गेमचं सोर्स इंजिन मॅपमधला (गेममधल्या जागेतला) उजेड भिंतींवर आधीच बेक करून, म्हणजे मोजून कायमचा रंगवून ठेवतं आणि रॅगडॉलला मात्र त्याच्या एका बिंदूवर मोजलेला उजेड देतं. म्हणून माणूस खोलीत असून खोलीतला वाटत नाही.

कॉलेजात मी एकांकिकांचे लाइट्स करायचे. त्यातली सवय उपयोगी पडली: आधी ब्लॅकआउट, मग एकेक स्पॉट. जीएम-कन्स्ट्रक्ट या मॅपमध्ये एक पूर्ण काळोखी खोली आहे. बहुतेकजण ती एकमेकांना घाबरवायला वापरतात, मला ती आयती रंगभूमी मिळाली. तिथे टेबल, खुर्ची आणि हाफ-लाइफ 2 या गेममधला एक साधा नागरिक हातात कागद घेऊन बसवला.

टूलगनमध्ये, म्हणजे गेममधल्या अवजारांच्या बंदुकीत, उजेडाची दोन साधनं आहेत. ‘लाइट’ चहूकडे पसरतो, पण सावली पाडत नाही आणि भिंतीपलीकडेही खुशाल झिरपतो. मी तो अगदी मंद, निळसर ठेवून फक्त काळोख थोडा सैल करायला वापरते. खरं काम ‘लॅम्प’चं. तो टॉर्चसारखा एका दिशेने झोत टाकतो आणि सावली पाडतो.

मला खिडकीतून येणारा उजेड हवा होता, पण खोलीला खिडकीच नाही. मग लाकडी पॅलेट (माल ठेवायची फळ्यांची चौकट) उभं करून हवेतच फ्रीझ केलं आणि त्याच्यामागे लॅम्प ठेवला. फळ्यांच्या फटींतून टेबलावर आडवे पट्टे पडले. लॅम्प अगदी पॅलेटला खेटून असताना ते पंख्यासारखे फाकत होते. तो बराच मागे नेऊन झोताचा कोन कमी केला, तसे पट्टे समांतर झाले, उन्हाचे असतात तसे. एक पट्टा नेमका डोळ्यांवर यावा म्हणून पॅलेट फिजिक्स गनने (वस्तू उचलून हलवायची गेममधली बंदूक) केसभर वर, केसभर खाली करत बसले. तो डोळ्यांवर आला आणि बाकी चेहरा अंधारात गेला, तेव्हा कुठे त्या माणसाला त्या कागदाची भीती वाटतेय असं दिसू लागलं. चेहऱ्याचे भाव बदलणाऱ्या फेस पोझरने भुवया कितीही ओढल्या असत्या तरी हे झालं नसतं.

सावल्यांच्या कडा मात्र करवतीसारख्या दातेरी. सावलीचा नकाशा, म्हणजे ज्या चित्रावरून गेम सावली पाडतो ते, ठरावीक पिक्सेलांचा असतो आणि तेच पिक्सेल अख्ख्या झोतावर पसरतात. म्हणून झोत गरजेपुरताच रुंद ठेवायचा, भिंतभर उधळायचा नाही. नकाशाचं रिझोल्यूशन वाढवता येतं, पण ग्राफिक्स कार्ड कुरकुरतं.

दुसरा लॅम्प मागून, खांद्याच्या वर, फिका नारिंगी. केस आणि खांदा पार्श्वभूमीपासून सुटले. तिसरा लावायचा मोह झाला, लावला, काढून टाकला. दोन सावल्या एकमेकींना छेदायला लागल्या की प्रेक्षक माणूस सोडून दिवे मोजतो.

शेवटची पायरी सॉफ्ट लॅम्प्स या अ‍ॅडऑनची. ते लॅम्प किंचित हलवत तेच दृश्य पुन्हा पुन्हा रेंडर करतं, म्हणजे त्याचं चित्र काढतं, आणि सगळ्याची सरासरी काढतं. सावली टेबलाच्या कडेशी गडद राहते, लांब जाईल तशी विरत जाते. ब्लूम, म्हणजे उजळ भागांभोवती पसरणारी चमक, मी बंदच ठेवते. फसलेलं लाइटिंग झाकायला लोक तो ओततात असं माझं स्पष्ट मत आहे.

व्हिडिओ करायचा असेल तर सॉफ्ट लॅम्प्सचा मार्ग बंद, कारण रेंडर होईपर्यंत सगळं स्थिर लागतं. तिथे सावलीचं फिल्टर थोडं वाढवून कडा पुसट करायच्या आणि कॅमेरा त्या सावल्यांच्या फार जवळ न्यायचा नाही.