टोल्युइडिनपासून पॅरा-क्लोरोटोल्युईन : माझा अनुभव

एम.एस्सी.च्या प्रॅक्टिकलला माझ्या वाट्याला पॅरा-क्लोरोटोल्युईन आलं. टोल्युईनमध्ये सरळ क्लोरीन सोडला तर काय बिघडतं, असं मलाही वाटलंच. बिघडतं ते असं, की ऑर्थो (वलयावर क्लोरीन मिथाइल गटाच्या शेजारी) आणि पॅरा (त्याच्या बरोबर समोर) दोन्ही एकत्र मिळतात. ऑर्थो १५९ अंशांना उकळतं, पॅरा १६२ला; साध्या ऊर्ध्वपातनाने ती वेगळी होणं शक्यच नाही. म्हणून पॅरा-टोल्युइडिन (पॅरा जागेवर अमिनो गट असलेलं टोल्युईन) घेऊन सँडमायरची लांबची वाट : अमिनो गटाचा आधी डायझोनियम क्षार करायचा, मग क्युप्रस क्लोराइडने त्याच्या जागी क्लोरीन आणायचा. खुद्द सँडमायरला १८८४ मध्ये करायचं होतं फेनिलअ‍ॅसिटिलीन, हाती आलं क्लोरोबेंझीन!

आधी क्युप्रस क्लोराइड. मोरचूद आणि मिठाच्या गरम द्रावणात बायसल्फाइट-कॉस्टिक ओतलं की निळा रंग उतरत जातो आणि तळाशी पांढरी पूड बसते. हवेला ती हिरवट पडते, म्हणून लगेच सांद्र हायड्रोक्लोरिक आम्लात विरघळवून बर्फात ठेवली.

खरा कस लागतो डायझोटायझेशनला, म्हणजे आम्लातल्या गार टोल्युइडिनवर नायट्राइट घालून डायझोनियम क्षार करताना. तापमान ५ अंशांच्या वर जाऊ द्यायचं नाही आणि नायट्राइट थेंबाथेंबाने घालायचं. शेवटाकडे प्रत्येक वेळी जरा थांबून स्टार्च-आयोडाइडच्या कागदाला थेंब लावून बघायचा. चटकन निळा डाग उठला की नायट्राइट पुरेसं झालं, आता बंद. हा डायझोनियम क्षार कोरडा करायच्या भानगडीत कुणी पडू नये, स्फोट होतो. गार द्रावण तसंच क्युप्रस क्लोराइडमध्ये ओतलं. मिश्रण इतकं घट्ट झालं की ढवळताना हात भरून आला. बर्फातून काढल्यावर नायट्रोजन सुटू लागला. ६० अंशांपर्यंत तापवून तो पुरता जाऊ दिला आणि मग वाफेने तेल, म्हणजे क्लोरोटोल्युईन, काढून घेतलं.

धुताना मात्र सावध राहावं लागतं. सोबत तयार झालेलं क्रेसॉल काढायला कॉस्टिकने धुतो तेव्हा तेल खाली असतं. रंगीत अ‍ॅझो संयुगं काढायला सांद्र सल्फ्युरिक घातलं की तेच तेल वर येतं, कारण आम्ल त्याच्यापेक्षा कितीतरी जड. विभाजक नरसाळ्याची तोटी सोडण्याआधी कुठला थर आपला, हे बघायचंच.

शेवटी पारखणी. अल्कोहोलातल्या सिल्व्हर नायट्रेटने उकळूनही काही झालं नाही. याच रेणुसूत्राचं बेंझिल क्लोराइड मात्र त्यात पांढरा साका देतं. इथे क्लोरीन थेट वलयाला चिकटलेला, तो सहजी सुटत नाही. मिथाइल गट परमँगनेटने ऑक्सिडाइझ करायला बराच वेळ रिफ्लक्स (वाफ गार करून परत पात्रात आणत उकळणं) लागला; तपकिरी गाळ गाळून आम्ल घातल्यावर पांढरं क्लोरोबेंझॉइक आम्ल खाली बसलं. ऑर्थो असतं तर १४०च्या आसपास वितळलं असतं. हे २४०च्या आसपास वितळलं, म्हणजे पॅराच.