टप्पा दोन

आमच्या जैवइंधन संशोधन केंद्राच्या इमारतीचा सुधारित आराखडा आज मेलवर आला. परवापर्यंत जिथे गवताचे गठ्ठे साठवायची शेड होती, तिथे आता पाहुण्यांसाठी दालन आहे. शेड गेली टप्पा दोनमध्ये. टप्पा दोनला काय गेलं की काय होतं, ते विद्यापीठात नोकरी केलेल्या कुणालाही विचारा.

राग आला असता तर बरं झालं असतं. राग नाही, काहीतरी बारीक टोचतंय. प्रत्येक बैठकीत शेवटी मीच गवताचा विषय काढते आणि तो काढला की लोक घड्याळाकडे बघतात. सर तर आता माझ्याआधीच म्हणतात, "हां, तुमची ती शेड." माझी! जणू घरातलं सामान ठेवायला मी माळा मागतेय.

अहो, वनस्पतीतली साखर आंबवून इंधन करायचं म्हणतोय ना आपण? मग वनस्पती ठेवायची कुठे? मिस्कॅन्थस, म्हणजे इंधनासाठी लावायचं आमचं उंच गवत, भरात यायला दोन-तीन वर्षं लागतात, तोवर शेड कशाला, असं कारण दिलंय. आणि तोवर जो पेंढा विकत आणायचा, तो? कापणी हंगामात होते, प्रयोगशाळा बारा महिने चालते. गठ्ठ्यात ओलावा २० टक्क्यांच्या वर गेला की आत सूक्ष्मजीव कामाला लागतात, गठ्ठा तापतो, कधी आपोआप पेटतोही. असा एक गठ्ठा सोडून बघावा. वरून सोनेरी, कोरडा. आत हात घातला की कोमट, काळपट, कुबट, आणि नाकातोंडात बुरशीची पूड. ज्या साखरेच्या मागे आपण लागलोय, ती बुरशीने आधीच खायला घेतलेली. दळण्याचं यंत्र तर मुख्य इमारतीत नकोच. त्या धुळीचा हवेत ढग झाला की स्फोटाला एक ठिणगी पुरते. हे सगळं बोलून झालंय. इतिवृत्तात त्याची एक ओळ आहे.

वरच्या मजल्यावर यीस्टचं संशोधन होणार, त्याबद्दल माझी तक्रार नाही. साधं यीस्ट ग्लुकोज ही साखर आंबवतं, झायलोज ही दुसरी साखर मात्र त्याला जमत नाही, आणि गवतात झायलोज भरपूर. ते काम हवंच. पण ते करणार कशावर? बाटलीतून आलेल्या पांढऱ्याशुभ्र सेल्युलोजवर, म्हणजे वनस्पतीच्या शुद्ध केलेल्या तंतूंवर. त्यात गवताला ताठ ठेवणारं चिवट लिग्निन नाही, माती नाही, सिलिका नाही. निकाल छान येतात. मग खरा गठ्ठा येतो.

कदाचित मला शेडचं वाईट वाटतच नाहीये. यीस्टवाली सहकारी बोलत होती तेव्हा सगळे पुढे झुकून ऐकत होते, आणि माझ्या वेळी... जाऊ दे.

जमिनीचा प्रश्नही एकाने काढला होता. धान्याच्या जागी इंधनाचं पीक घेतलं की धान्यासाठी दुसरीकडे रान तुटतं आणि वाचवलेला कार्बन तिकडे जातो. २००८ साली यावर केवढा वाद पेटला होता. त्यालाही उत्तर मिळालं नाही. म्हणजे मी एकटी नाही, याचं तरी समाधान वाटावं, तर तेही वाटत नाही.

रात्री विकरांवरची (एन्झाइम्सवरची) जुनी टिपणं चाळत बसले. ट्रायकोडर्मा रीसी. दुसऱ्या महायुद्धात सॉलोमन बेटांवर अमेरिकी सैन्याचे सुती तंबू कुजायला लागले, तेव्हा त्या कापडावर ही बुरशी सापडली. सेल्युलोज फोडणारी विकरं कारखान्यात करायची तर आजही मुख्यतः हिच्याच वंशजांकडे जावं लागतं. एकदम हसू आलं. म्हणजे या शास्त्राची भरभराटच कुजलेल्या मालामुळे झाली! आमचे गठ्ठे उघड्यावर कुजले तर कोणी सांगावं, वरच्या मजल्याला एखादी नवी बुरशी मिळायची. सरांना मात्र हे सांगणार नाही. ते प्रस्तावात घालतील.

मग अंदाजपत्रक उघडलं आणि किरकोळ खर्चात ताडपत्र्या आणि एक ओलावामापक घातला. किरकोळ खर्च कुणी वाचत नाही.

पाहुण्यांच्या दालनात म्हणे काचेच्या पेटीत गवताचा गठ्ठा ठेवायचाय. तो मागायला माझ्याकडेच येतील. तेव्हा शेडचं क्षेत्रफळही सांगेन.