चकलीला घेऊन चहाला: पार्ला ते कार्टर रोड

उकडलेलं चिकन आणि भात, मीठ नाही मसाला नाही काहीच नाही, साडेतीनशे रुपये. हे बिल मी मूर्खासारखं डायनिंग टेबलवर ठेवून आंघोळीला गेले आणि बाहेर आले तर आई चष्मा लावून ते वाचत बसलेली. "अगं हे कुणी खाल्लं?" म्हटलं चकलीने. त्यावर ती काहीच बोलली नाही, हे जास्त वाईट. संध्याकाळी मावशीला फोनवर सांगताना ऐकलं, "आमच्याकडे आता कुत्री हॉटेलात जेवते, आम्ही घरी खिचडी."

तर चकली म्हणजे आमची गावठी कुत्री. इंडी म्हणायचं असतं हल्ली, पण आई गावठीच म्हणते आणि कोंबडी, अंडी, तूप यांच्याबाबतीत गावठी म्हटलं की भाव वाढतो मग कुत्र्याच्या बाबतीतच का कमी होतो असं तिचं म्हणणं आहे, ज्याला माझ्याकडे उत्तर नाही. चार वर्षांपूर्वी पावसात हनुमान रोडला एका स्कूटरखाली सापडली, तळहाताएवढी, आणि शेपटी तेव्हापासूनच अशी गोल वळलेली की दुसरं नाव सुचलंच नाही. आम्ही पार्ला पूर्वला राहतो. गेली दोन-अडीच वर्षं मी हिला घेऊन बाहेर खायला-प्यायला जाते आणि बिल्डिंगमधले, ऑफिसमधले सगळे विचारतात की कुठे चालतं गं, म्हणून एकदाचं लिहून टाकतेय.

सुरुवात घराजवळून. पार्ला पूर्वेच्या उडुपी हॉटेलांत कुत्रा चालत नाही आणि मला ते बरोबर वाटतं, तिथे रविवारी सकाळी माणसांना बसायला जागा नसते, वेटर दोन्ही हातांवर चार-चार प्लेटा घेऊन पळत असतो त्याच्या पायात ही कुठे आणू. पण रस्त्यावरचं खाणं हा वेगळा विषय आहे. बाबूच्या वडापावच्या गर्दीत चकली उभी राहते आणि तिला कुणी काही म्हणत नाही, फक्त ती लोकांच्या हाताकडे असं बघते की दोन घास तिला मिळणारच. इथे मला पोलीस व्हावं लागतं. वड्यात लसूण, चटणीत तर लसूणच लसूण, आणि कांदा-लसूण कुत्र्यांना खरंच विषारी, कच्चा असो शिजवलेला असो की पावडर असो, रक्तातल्या लाल पेशी फुटतात. एका घासाने लगेच काही होणार नाही पण "थोडंसंच दिलं हो" म्हणणारे रोज दहा भेटतात. म्हणून मी नुसता पाव मागून घेते आणि लोकांना म्हणते द्यायचंच असेल तर हा द्या.

पार्लेजीचं पण सांगते, कारण पार्ल्यात राहून ते टाळता येत नाही. पार्लेचा कारखाना 1929 चा, 2016 मध्ये बंद झाला, आणि आमच्या पिढीला अजूनही स्टेशनवरून जाताना तो भाजलेल्या बिस्किटांचा वास नाकात आठवतो. मुंबईतला प्रत्येक रस्त्यावरचा कुत्रा पार्लेजीवर वाढलाय असं म्हटलं तरी चालेल. विषारी वगैरे नाही, पण मैदा आणि साखर, त्यात पोषण काही नाही. आमच्या डॉक्टरांनी चकलीचं वजन बघून "पार्ल्याची दिसते" असं म्हटलं होतं.

आमच्या गल्लीच्या तोंडावर एक टपरी आहे. दोन बाकडी, एक स्टूल, कटिंग चहा आणि बनमस्का. ही माझ्या मते आख्ख्या पश्चिम उपनगरातली सगळ्यात डॉग-फ्रेंडली जागा आहे आणि तिथे तसा बोर्ड नाही. चहावाल्याने एका तुटक्या मगमध्ये पाणी भरून ठेवलंय, गल्लीतली काळू आणि मोती तिथेच झोपतात, चकली आली की ते दोघं एक डोळा उघडून बघतात आणि परत झोपतात. वरून विमान गेलं तरी तिघांपैकी एकाचाही कान हलत नाही, ही पार्ल्याची कुत्री.

आता कॅफे. इथे मला जरा बोलायचंय.

मागच्या वर्षी एका कॅफेत गेलो, नाव नाही घेत, दारावर पंजाचं स्टिकर, इन्स्टावर सगळे फोटो कुत्र्यांचे. आत एक गोल्डन रिट्रीव्हर, एक शिह त्झू, आणि सगळा स्टाफ त्यांच्याभोवती. आम्ही दारात आलो तर मॅनेजर बाहेर आला. "मॅडम, चावते का?" म्हटलं नाही. "व्हॅक्सिन झालंय?" हो म्हटलं, पुस्तक दाखवलं, रेबीज, बाकीची सगळी, महापालिकेचं लायसन्स पण पर्समध्ये असतं माझ्या, तेही दाखवलं. मग म्हणाला बाहेरच्या टेबलावर बसा. बाहेरचं टेबल म्हणजे एसीच्या युनिटसमोर, एप्रिलमध्ये. मी सहज विचारलं की आतल्या दोघांचं पुस्तक बघितलं का हो, तर तो नुसता हसला. आणि कहर म्हणजे आम्ही बसलेलो असताना फूटपाथवरून अगदी चकलीसारखीच दिसणारी एक कुत्री चालली होती, तिला यांच्याच वॉचमनने काठी आपटून हाकललं. चकली टेबलाखाली अशी आक्रसून बसली की मी कॉफी तशीच टाकून उठले. त्या दिवसापासून मी नवीन ठिकाणी गेले की मेन्यूच्या आधी बघते की दाराबाहेर एखादा रस्त्यावरचा कुत्रा निवांत झोपलाय का. असेल तर आत आमचंही बरं चालतं, हे आजवर एकदाही चुकलेलं नाही.

चांगलं सांगायचं तर अंधेरी पश्चिमेची डूलॅली. बिअरवाल्यांना माहीतच असेल, 2009 ला पुण्यात सुरू झाली, देशातल्या अगदी सुरुवातीच्या मायक्रोब्रुअरींपैकी, म्हणजे स्वतःची बिअर बनवणाऱ्या छोट्या ठिकाणांपैकी, एक, आणि तिथे कुत्रे येतात हे आता इतकं मुरलंय की कुणी वळूनही बघत नाही. हेच मला आवडतं. कौतुक नको असतं हो, चकलीला अनोळखी माणसाने डोक्यावर थोपटलेलं आवडत नाही, तिला टेबलाखाली जागा पाहिजे आणि पाण्याचा बाऊल, बस. मी अॅपल सायडर घेते, मित्र लोक बोर्ड गेम काढून बसतात, जेंगा पडला की एवढा आवाज होतो तरी पहिल्या वेळेनंतर तिने दाद दिली नाही. शुक्रवार-शनिवार रात्री अजिबात जाऊ नका, म्युझिक आणि गर्दी, कुत्र्याला शिक्षा आहे ती. मंगळवार-बुधवार संध्याकाळी सहा. निघायच्या आधी एक फोन करा कारण असे नियम कधीही बदलतात. आणि बिअर चाटवायची गंमत करणारे महाभाग असतात त्यांना लांब ठेवा, दारू तर वाईटच पण बिअरमधले हॉप्ससुद्धा, म्हणजे कडवटपणासाठी घालतात ती फुलं, कुत्र्यांना विषारी असतात, अंगाचा ताप भयंकर वाढतो.

पृथ्वीला लोक विचारतात. पृथ्वी थिएटर 1978 पासून आहे, कॅफे उघड्यावर, सुलेमानी चहा, झाडं, सगळं बरोबर. पण तिथे मांजरं आहेत. तिथलीच. खुर्चीवर बसतात, तुमच्या टेबलावर येतात, नाटकवाल्यांपेक्षा त्यांचा रुबाब जास्त. चकलीला मांजर दिसलं की ती चार वर्षांची शहाणी मुलगी राहत नाही. मी एकटी जाते पृथ्वीला, आणि घरी आल्यावर ती माझी सलवार हुंगून पाच मिनिटं माझ्याशी बोलत नाही.

जुहू बीचला सकाळी साडेसहाला. चौपाटीचे स्टॉल तेव्हा बंद असतात, चहावाला सायकलवर किटली घेऊन फिरतो, त्याच्याकडून चहा घ्यायचा आणि वाळूत बसायचं. दोन गोष्टी सांभाळा. एक, बीचवरच्या कुत्र्यांचे एरिया ठरलेले असतात, ते लांबून भुंकले तर हिरोगिरी न करता वळायचं. दोन, मक्याची कणसं! आदल्या रात्री लोकांनी भुट्टा खाऊन फेकलेली नुसती बुरकुंडं सगळीकडे पडलेली असतात, कुत्र्यांना त्याला लागलेल्या लिंबू-मिठाचा वास येतो आणि अख्खंच्या अख्खं गिळतात, ते पचत नाही, आतड्यात अडकतं. आमच्या ओळखीतल्या एका लॅब्रेडॉरचं पोट फाडून काढावं लागलं. तेव्हापासून बीचवर माझी नजर समुद्राकडे कमी आणि वाळूकडे जास्त.

कार्टर रोड हा आमचा महिन्यातून एकदाचा मोठा कार्यक्रम. तिथे कुत्र्यांसाठी वेगळं पार्क आहे, समुद्राला लागून, पट्टा सोडता येतो, मुंबईत ही चैन आहे. आधी पार्कमध्ये दमवायचं, मग प्रोमेनेडवर चक्कर, मग समोरच्या बाजूला बाहेर टेबलं टाकलेल्या एखाद्या ठिकाणी. दमलेला कुत्रा ही अर्धी ट्रेनिंग आहे हे मला कुणीतरी आधी सांगायला हवं होतं. पहिल्या वर्षी मी हिला घरातून थेट कॅफेत न्यायचे, उपाशी आणि ताजीतवानी, आणि मग ती शेजारच्या टेबलावरच्या पोरांच्या फ्राइजकडे बघून हुंदके द्यायची. आता घरून पोटभर जेवून निघते आणि सोबत आईच्या जुन्या गोधडीचा तुकडा. तो खाली टाकला की तिला कळतं इथे बसायचं. ही गोधडी म्हणजे शोध आहे माझा. गुळगुळीत टाइल्सवर कुत्र्यांचे पाय घसरतात म्हणून ती बसतच नाहीत, उभी राहतात, मग आपल्याला वाटतं त्रास देतेय.

पपुचिनो म्हणून जो प्रकार मिळतो, छोट्या कपात फेटलेलं क्रीम, तो कधीतरी ठीक. चकलीने पहिल्यांदा खाल्ला त्या रात्री आम्ही तीनदा जिना उतरलो एवढंच सांगते, दूध सगळ्याच कुत्र्यांना पचत नाही. चॉकलेट, द्राक्षं, मनुका, आणि शुगरफ्री च्युइंगगम-मिंटमधलं ते झायलिटॉल, हे मात्र कधीतरीसुद्धा नाही. कॅफेतला ब्राउनी आणि मनुकावाला केक कुत्र्याच्या नाकाच्या उंचीवर ठेवलेला असतो हे लक्षात ठेवा.

उन्हाचं काय ते सांगते आणि मग थांबते. मार्च ते जून दुपारी नेऊच नका. हाताची मागची बाजू डांबरावर सात सेकंद ठेवून बघा, ठेववत नसेल तर तिचे पंजे कसे ठेवतील, आणि कुत्र्यांना घाम येतो तो पंजांच्या गाद्यांनाच जेमतेम, बाकी सगळं तोंडाने धापा टाकून. चपट्या नाकाच्या पगला तर तेही नीट जमत नाही. पावसाळ्यात उलटं, डबक्यातून नेऊ नका, मुंबईत लेप्टो, म्हणजे साचलेल्या घाण पाण्यातून होणारा ताप, आपल्यालाही होतो आणि त्यांनाही, त्याची लस असते, ती दर वर्षी.

एक गोष्ट मला उशिरा कळली. अंधेरीतल्याच एका ठिकाणी एक पोरगा पाणी आणून द्यायचा तो दर वेळी बाऊल लांबूनच सरकवायचा, मला वाटलं हाही गावठी म्हणून. एकदा विचारलं तर म्हणाला, "ताई, लहानपणी गावाला चावला होता, पोटात चौदा इंजेक्शनं घेतली." मॅनेजरला सांगता येत नाही, कारण जागाच डॉग-फ्रेंडली, नोकरी जाईल. मला एकदम कसंतरी झालं, इतके दिवस मी त्याच्यावर मनातल्या मनात चिडत होते. आता मी बाऊल घरून नेते आणि बाटलीतलं पाणी स्वतः ओतते. तो लांबून हात करतो. मागच्या वेळी त्याने तिचं नाव विचारलं, प्रगती आहे.

राहिला प्रश्न जायचं-यायचं कसं. रिक्षा. पाचातल्या तीन नाही म्हणतात, एक विचार करतो, एक घेतो. मी चकलीला माझ्या मागे उभी करून हात दाखवत नाही, तो फसवणुकीचा प्रकार झाला, सरळ सांगते की कुत्री आहे, गोधडी टाकते, वर वीस रुपये देते. परवा कार्टर रोडवरून येताना चार जणांनी नाही म्हटल्यावर एक वयस्कर काका थांबले, आरशातून मागे बघत राहिले सांताक्रूझपर्यंत. मला वाटलं आता काहीतरी ऐकवणार.

"नाव काय हिचं?"

"चकली."

सिग्नल सुटला, रिक्षा सुरू झाली, आणि गाडीच्या आवाजात त्यांनी ओरडून विचारलं, "भाजणीची का तांदळाची?"

म्हटलं, भाजणीची काका, रंग बघा ना.